लग्नात हार्प ठेवायची असेल तर आधी जागा आणि वेळ ठरवावी, मग कलावंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात राहणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलीचे लग्न येत्या फेब्रुवारीत आहे. सकाळचा मुहूर्त शहरातल्या मंगल कार्यालयात आणि संध्याकाळचा स्वागतसमारंभ वर्धा रोडवरच्या एका लॉनवर होणार असून पाहुणे सुमारे सहाशे अपेक्षित आहेत. मुलीने परदेशात शिकत असताना एका लग्नात हार्प (बोटांनी तारा छेडून वाजवायचे उभे पाश्चात्य वाद्य) ऐकली होती आणि आपल्या लग्नातही ती वाजावी अशी तिची मनापासून इच्छा आहे. नागपुरात हे जमते काय, कलावंत कसा निवडावा, त्याला काय विचारावे आणि जमत नसेल तर त्याऐवजी काय ठेवावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर देण्यापूर्वी माझी भूमिका सांगते. मी स्वतः संतूर वाजवते आणि गेली बावीस वर्षे नागपूर व विदर्भातल्या लग्नसमारंभांत प्रत्यक्ष वादनाचे कार्यक्रम करते व इतर कलावंतांचेही ठरवून देते. त्यामुळे पुढे मी जेव्हा संतूरचा पर्याय सुचवीन, तेव्हा तो एका संतूरवादिकेने सुचवलेला आहे हे लक्षात ठेवून आपण तो तपासून घ्यावा. हार्पचे कार्यक्रम मी स्वतः वाजवलेले नाहीत, परंतु बाहेरगावहून आलेल्या हार्पवादकांची व्यवस्था इथे अनेकदा पाहिली आहे आणि त्यात जे चुकते ते बहुतेक वेळा वाजवणाऱ्याकडून चुकत नाही.

हार्प नागपुरात जमते. अडचण कलावंत मिळण्याची कमी आणि त्याला वाजवता येईल अशी जागा व तास मिळण्याची जास्त आहे. आपल्याकडे क्रम उलटा लागतो. आधी लॉन, मग बिछायत केंद्र, मग कॅटरर, मग डीजे आणि शेवटी उरलेल्या कोपऱ्यात व उरलेल्या वेळात वाद्यवादन. सनई-चौघड्याला हे चालते, कारण ते वाद्य उघड्या अंगणात घुमण्यासाठीच आहे. हार्पला ते चालत नाही.

वाद्याची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या अटी तिच्यातूनच निघतात. मोठ्या रंगमंचावर वाजते ती पेडल हार्प. तिला ४७ तारा आणि सात पेडल असतात, उंची सहा फुटांच्या आसपास आणि वजन साधारण ३६ ते ४० किलो असते. साडेसहा सप्तकांचा हा पल्ला आहे, आणि सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे नऊशे किलोपर्यंत जातो. म्हणजे दिसायला नाजूक असलेली ती लाकडी कमान सतत एवढे ओझे पेलत उभी असते, आणि म्हणूनच तिला उन्हाचा, ओलाव्याचा किंवा धक्क्याचा थोडासाही त्रास लगेच होतो. दुसरा प्रकार लिव्हर हार्पचा. ती लहान असते, बहुधा ३४ किंवा ३६ तारांची, आणि एका माणसाला उचलता येते. पेडल हार्पमध्ये स्वर पायाने बदलतात, लिव्हर हार्पमध्ये प्रत्येक तारेच्या माथ्यावर छोटी कळ असते आणि ती हाताने फिरवावी लागते. बाहेरगावहून येणारा कलावंत यांपैकी कोणती आणणार, हा पहिला प्रश्न, कारण गाडी, मानधन, जागा आणि वाजवता येणारी गाणी, सगळे त्यावर ठरते.

गाण्यांबाबत एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण आपल्या घरी संगीत ऐकणारी मंडळी असणार आणि हार्पवर राग वाजतो काय, असे कोणीतरी विचारणारच. पेडल हार्पच्या प्रत्येक स्वराला एक पेडल असते. स्वरांच्या पाश्चात्य नावांनी सांगायचे तर डाव्या पायाखाली डी, सी, बी आणि उजव्या पायाखाली ई, एफ, जी, ए. पेडल वर असेल तर तो स्वर कोमल, मधल्या खाचेत असेल तर शुद्ध आणि खाली असेल तर तीव्र होतो, आणि तो सगळ्या सप्तकांत एकदम बदलतो. सी म्हणजे षड्ज (सा) मानला तर एफचे एकच पेडल खाली दाबून यमनचे स्वर मिळतात. एकदा रामदासपेठेतल्या एका हॉटेलच्या खोलीत एका हार्पवादक ताईंनी मला याच्या पुढची गोष्ट करून दाखवली. त्यांनी एफचे पेडल वर सोडले, बीचे खाली दाबले आणि बाकीची मधल्या खाचेत ठेवली. एफ, म्हणजे मध्यम, अर्धा स्वर उतरून गंधारात मिसळला, बी, म्हणजे निषाद, अर्धा स्वर चढून वरच्या षड्जात मिसळला, मध्यम आणि निषाद दोन्ही नाहीसे झाले. मग त्यांनी तळहात सैल सोडून सगळ्या तारांवरून नुसता फिरवला आणि खोलीभर निर्मळ भूप पसरला. ई आणि बी ही दोन पेडल खाली दाबली तर त्याच रीतीने दुर्गा मिळतो. हंसध्वनी मात्र असा मिळत नाही, कारण त्यात धैवत (ए) वर्ज्य आहे आणि एची तार कितीही उतरवली-चढवली तरी ती ना पंचमाला मिळते ना शुद्ध निषादाला. तिथे वादकाला ती तार हाताने टाळत जावे लागते. लिव्हर हार्पवर तर भूपाची ही युक्तीही सहसा होत नाही, कारण कळ स्वर फक्त अर्ध्याने चढवते आणि नेहमीच्या जुळणीत मध्यम गंधारापर्यंत उतरवता येत नाही.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, हार्पवर निघत नाही. संतूरवरही ती गळ्यासारखी निघत नाही, त्यामुळे ही उणीव मी रोज अनुभवते. म्हणून कलावंताकडून आलापी किंवा ठुमरीची अपेक्षा ठेवू नये. सरळ चालीची भावगीते, अभंग, जुनी चित्रपटगीते आणि पाच स्वरांच्या रागांतल्या धुना हार्पवर फार सुंदर वाजतात. आपल्या आवडीची चार-पाच गाणी द्यायची असतील तर ती किमान सहा आठवडे आधी, ध्वनिमुद्रणासह द्यावीत, कारण मराठी गाण्यांची हार्पसाठी लिहिलेली स्वरलिपी बाजारात तयार मिळत नाही आणि कलावंताला ती स्वतः बसवावी लागते. काही कलावंत त्यासाठी वेगळे मानधन घेतात आणि ते रास्त आहे.

आता हे वाद्य समारंभात नेमके कुठे बसवावे याकडे वळते. माझे स्पष्ट मत असे आहे की मुहूर्तावर हार्प ठेवू नये. मंगलाष्टके चालू असताना कोणतेही वाद्य वाजणे मला योग्य वाटत नाही. भटजींचा आणि म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांचा आवाजच तिथे असावा. शेवटच्या ‘सावधान’नंतर अक्षता पडल्या की वाजंत्री, टाळ्या आणि बाहेर उभ्या असलेल्या बँडचा किंवा धुमालचा एकच गजर होतो, आणि त्यात हार्पच्या शंभर तारा असत्या तरी ऐकू आल्या नसत्या. त्या क्षणाला सनई-चौघडाच हवा. वरातीचे आणि वधूवरांच्या प्रवेशाचेही तसेच. मुलीला असे वाटत असेल की आपण स्टेजकडे चालत येताना हार्प वाजावी, तर तिला समजावून सांगावे लागेल, आणि त्याचे कारण आवाजाइतकेच घड्याळाचेही आहे. पत्रिकेवर सातची वेळ असली तरी वधूवर पावणेनऊला येतात हे आपण सगळे पाहतो. कलावंताचा करार साडेसहा ते साडेआठचा असेल तर ज्या दहा मिनिटांसाठी त्याला बोलावले ती त्याच्या वेळेबाहेर जातात, आणि मग बोटे थकलेल्या माणसाला थांबवून ठेवण्याची ओढाताण सुरू होते.

म्हणून हार्प वधूवरांच्या येण्याशी न बांधता पाहुण्यांच्या येण्याशी बांधावी. स्वागतसमारंभाचे पहिले दोन तास तिचे असतात. लोक येतात, शरबत घेतात, जुने स्नेही भेटतात, ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवर बसतात. डीजे अजून सुरू झालेला नसतो. त्या वेळी पन्नास-साठ माणसे जवळ येऊन मनापासून ऐकतात आणि बाकीच्यांच्या बोलण्याखाली सूर राहतो. मुलीला स्वतःला ऐकायची असेल, आणि तिचीच ती इच्छा आहे, तर तिला नटण्याच्या खोलीतून निघाल्यावर स्टेजवर जाण्याआधी वीस मिनिटे तिथे आणून बसवावे. हे मी तीन लग्नांत केले आहे.

साखरपुडा, डोहाळजेवण, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन असे घरगुती समारंभ हार्पसाठी लग्नापेक्षाही चांगले, कारण तिथे माणसे कमी आणि थांबण्याची तयारी जास्त असते. नागपुरातल्या बौद्ध विवाहांत त्रिशरण-पंचशील आणि मंगलमैत्रीचा शांत विधी असतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास या वाद्याला जितका शोभतो तितका क्वचित कुठला शोभत असेल. त्यात परकेपणाही नाही. धनुष्याच्या आकाराची, हार्पच्या कुळातली वीणा आपल्या प्राचीन बौद्ध शिल्पांत कोरलेली आहे, समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवतो ती वीणाही त्याच घडणीची आहे, आणि म्यानमारमध्ये तिचा वारसा आजही वाजतो. चर्चमधल्या विवाहात मात्र कलावंत ठरवण्याआधी तिथल्या धर्मगुरूंची परवानगी आणि गाण्यांची यादी दोन्ही पक्की करावी, कारण प्रार्थनेच्या वेळी काय वाजावे याचे नियम त्यांचे असतात.

जागेविषयी मी जे सांगणार आहे ते एका चुकीतून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात शहराबाहेरच्या एका लॉनवर मी बाहेरगावच्या हार्पवादक ताईंचा कार्यक्रम ठरवला होता. जागा मी आदल्या आठवड्यात दुपारी पाहिली होती, संध्याकाळी पाहिली नव्हती. गवतावर प्लायवूडच्या फळ्या टाकून वर गालिचा अंथरला होता. माणूस चालला की फळी दबत होती आणि हार्प मागेपुढे डुलत होती. ताईंनी पाऊण तास खपून वाद्य सुरात लावले. साडेसहाला पाहुणे येऊ लागले तसे लॉनच्या माणसाने पाण्याचे तुषार उडवणारे पंखे सुरू केले, आणि त्यांतला एक थेट त्यांच्या पाठीमागे होता. मी पोचले तेव्हा ताई ओढणीच्या टोकाने हार्पची लाकडी पाटी पुसत होत्या आणि त्यांच्या बोटांवर पाण्याचे थेंब चमकत होते. पाच मिनिटांत मधल्या सप्तकातली एक तार काडकन तुटली. आवाज एवढा मोठा झाला की शेजारी उभी असलेली मुले दचकून मागे सरली. आम्ही चौघांनी मिळून वाद्य उचलले आणि जेवणाच्या हॉलच्या फरशीच्या ओसरीत नेले. तार बदलून पुन्हा जुळवायला अर्धा तास गेला. तिथे मग तीसेक माणसांनी ऐकले. नवरीची आजी भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसून होती आणि उठताना तिने ताईंची बोटे हातात घेऊन पाहिली.

तेव्हापासून मी जागा नेहमी कार्यक्रमाच्याच वेळी, म्हणजे दिवेलागणीला पाहते. पायाखाली फरशी किंवा पक्का ओटा हवा. सहा फूट लांब, सहा फूट रुंद एवढी जागा आणि बिनहाताची खुर्ची पुरते. वर छप्पर हवे, मग ते मंडपाच्या कापडाचे असले तरी चालेल, कारण फेब्रुवारीत नागपुरात दिवसा ३० अंशांच्या आसपास असलेला पारा रात्री १५ पर्यंत उतरतो आणि उघड्यावर दव पडते. थंडी वाढली की माझ्या संतूरच्या पोलादी तारा चढतात. हार्पला तर वेगवेगळ्या जातीच्या तारा असतात आणि त्या वेगवेगळ्या रीतीने सरकतात, त्यामुळे मध्येच थांबून सूर मिळवायला वेळ द्यावा लागतो. लग्न एप्रिल-मे महिन्यात असते तर मी आपल्याला उघड्या लॉनवर हार्प ठेवू नका, असेच सांगितले असते. तेव्हा वातानुकूलित हॉल हाच मार्ग, आणि तिथेही एसीचा झोत किंवा मोठ्या कूलरची हवा थेट वाद्यावर येता कामा नये. कूलरची हवा ओली असते आणि ती माणसाला जितकी सुखाची तितकीच लाकडाला वाईट.

पायऱ्यांविषयी अवश्य विचारावे. पेडल हार्प दोन चाकांच्या ढकलगाडीवरून सहज फिरते, परंतु पंधरा पायऱ्या चढवायला दोन जाणती माणसे लागतात, आणि लॉनवरचे हमाल कितीही मजबूत असले तरी ती कुठे धरायची हे त्यांना कलावंतानेच दाखवायला हवे. गाडी स्टेजपर्यंत येते काय, की फाटकापासून शंभर मीटर गिट्टीवरून न्यावे लागते, हेही बघून ठेवावे.

प्रकाशाचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हार्पच्या तारा एकसारख्या दिसू नयेत म्हणून प्रत्येक सप्तकातली सीची तार लाल आणि एफची काळी किंवा गडद निळी असते. वादक त्या रंगांवरून जागा ओळखतो. डेकोरेशनवाल्याने हौसेने लाल किंवा जांभळा प्रकाश सोडला की लाल तारा बाकीच्यांत विरून जातात आणि वादक आंधळा होतो. तिथे साधा पिवळसर पांढरा दिवा हवा, आणि तो तारांवर पडणारा हवा. त्याचप्रमाणे कागदी फुलांचे फवारे, थंड आतषबाजी आणि ड्रोन यांना त्या कोपऱ्यापासून दूर ठेवण्याविषयी फोटोग्राफर आणि डेकोरेशनवाला यांच्याशी आधीच बोलून घ्यावे.

आवाजाची व्यवस्था वेगळी हवी. सहाशे माणसांच्या उघड्या लॉनवर माइकशिवाय हार्प दहा खुर्च्यांपलीकडे जाणार नाही. कलावंत स्वतःचा पिकअप (वाद्यालाच लावायचा छोटा माइक) आणतो की आपण माइक द्यायचा, हे विचारावे. माइक द्यायचा असेल तर कंडेन्सर माइक लागतो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये त्यासाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला त्याच्या तारेतूनच मिळणारी वीज) असावी लागते. डीजेच्या भल्यामोठ्या स्पीकरांवरून हार्प वाजवू नये. पाहुण्यांच्या बसण्याच्या जागेत दोन किंवा चार लहान स्पीकर कमी आवाजात ठेवले की सूर सगळीकडे सारखा पोचतो आणि बोलणाऱ्यांना ओरडावे लागत नाही. जनरेटर स्टेजच्या मागे असेल तर त्याची घरघर माइकमध्ये येते, म्हणून तो किती दूर आहे ते पाहावे. डीजेची साउंड चाचणी हार्पच्या वेळेत होणार नाही, हे डीजेकडून कबूल करून घ्यावे. माझ्या अनुभवात सर्वाधिक कार्यक्रम बिघडतात ते याच एका कारणाने. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला निर्बंध डीजेला घाई करायला लावतो, आणि ती घाई तो संध्याकाळच्या शांत तासातून वसूल करतो.

कलावंत शोधताना एजन्सीच्या झगमगीत व्हिडिओवर जाऊ नये. त्यात आवाज बहुधा स्टुडिओत घेतलेला असतो. एखाद्या लग्नात पाहुण्याने मोबाइलवर काढलेले, न कापलेले पाच मिनिटांचे चित्रण मागावे. प्रत्यक्ष येणारी व्यक्ती कोण, मागे मुद्रित ट्रॅक चालतो की पूर्ण वादन प्रत्यक्ष असते, आजारपण आले तर बदली कोण, हे सरळ विचारावे. प्रामाणिक कलावंताला या प्रश्नांचा राग येत नाही. देशात व्यावसायिक हार्पवादक मोजकेच आहेत आणि नागपूरसाठी ते मोठ्या शहरांतूनच येतात, म्हणून मुहूर्ताच्या तारखांना पाच-सहा महिने आधी ठरवावे लागते. पेडल हार्प विमानाने आणायची तर तिला खास भक्कम पेटी आणि मालवाहतुकीची वेगळी व्यवस्था लागते. अनेक कलावंत त्यापेक्षा मोठ्या गाडीत मागच्या सीट पाडून, वाद्य आडवे ठेवून रस्त्याने येणे पसंत करतात. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्गामुळे हे सोपे झाले आहे, तरी सातशे किलोमीटरच्या प्रवासानंतर त्याच संध्याकाळी वाजवायला लावू नये. आदल्या रात्री मुक्काम हवा. माणसाला विश्रांती मिळते आणि वाद्य इथल्या हवेत स्थिरावते.

मानधनाचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो कलावंत, वाद्य आणि अंतर यांवर फार बदलतो. मात्र आकड्यात काय काय धरले आहे हे लेखी घ्यावे: वादन, प्रवास, वाद्याची वाहतूक, मुक्काम, सोबतचा मदतनीस, नवी गाणी बसवणे, जास्तीचा वेळ आणि तुटलेल्या तारा. वादनाची वेळ पंचेचाळीस मिनिटांच्या दोन भागांत आणि मध्ये वीस मिनिटांची विश्रांती अशी मागावी. सलग दोन तास वाजवायला सांगणे हे त्या बोटांवर अन्याय करणारे आहे. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली कार्यक्रमाच्या दिवशी वादन सुरू होण्यापूर्वी, ही रीत मला उत्तम वाटते. रात्री अकरा वाजता नवरीच्या वडिलांना शोधत फिरण्याची वेळ कोणत्याही कलावंतावर येऊ नये. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचे कलावंताचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाला ही सूट गृहीत धरू नये, आणि एजन्सीचे बिल वेगळे असते.

हॉटेल किंवा लॉनवाले कधी कधी संगीताचा परवाना मागतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधीप्रसंगी, आणि त्यात लग्नाची वरात व विवाहाशी निगडित इतर सोहळे धरून, संगीत वाजवणे हे उल्लंघन मानलेले नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक सूचना काढून हेच स्पष्ट केले होते. ती सूचना छापून जवळ ठेवावी. कंपनीच्या समारंभाला मात्र ही सवलत नाही.

एक नाजूक गोष्ट. मोठ्या हार्पच्या मधल्या सप्तकांतल्या तारा पारंपरिक पद्धतीने जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या असतात. काही घरांत देवकार्याच्या जागी हे चालत नाही. आपल्याकडे किंवा व्याह्यांकडे असा आचार असेल तर आधी विचारून घ्यावे. कृत्रिम तारांच्या हार्प असतात, विशेषतः लहान. कलावंताला हा प्रश्न अपमानकारक वाटत नाही, नंतर कळल्यावर होणारी कुजबुज मात्र सगळ्यांनाच दुखावते.

त्या दिवशी कलावंतासाठी घरातला एकच माणूस नेमावा, आणि तो आपण स्वतः किंवा मुलीचा भाऊ नसावा. एखादा मामेभाऊ ज्याला दुसरे काम नाही, तो. त्याने चार वाजता त्यांना उतरवून घ्यावे, वाद्याची पेटी कुलूपबंद खोलीत ठेवावी, वादनापूर्वी थोडे खायला द्यावे आणि नंतर बुफेच्या रांगेत उभे न करता ताट वाढून आणावे. वाद्यापासून तीन फुटांवर झेंडूच्या माळेची सीमा बांधावी. मुले तारांना हात लावतातच, त्यांना रागावू नये. वादन संपल्यावर कलावंताच्या परवानगीने दोन-चार मुलांना एकेक तार छेडू द्यावी.

आपल्या लॉनवर फरशीचा ओटा नसेल, डीजे संध्याकाळचा तास सोडायला तयार नसेल, किंवा खर्च झेपणारा नसेल, तर हार्पचा आग्रह सोडावा. अशा वेळी संतूर हा सर्वांत जवळचा पर्याय आहे. काश्मीरच्या सुफियाना संगीतातले हे वाद्य पंडित शिवकुमार शर्मा यांनी शास्त्रीय मैफलीत आणले. पारंपरिक संतूरला शंभर तारा असतात आणि त्याचा झंकार मुलीला हार्पमध्ये जे आवडले त्याच्या पुष्कळ जवळ जातो. ते मांडीवर मावते, गाडीच्या मागच्या सीटवर येते, सोबत तबला किंवा बासरी घेता येते आणि नागपुरात वाजवणारे आहेत. दवाचा आणि थंडीचा त्रास त्यालाही होतो, जुळवायला त्यालाही पाऊण तास लागतो, म्हणून छप्पर, शांतता आणि प्रकाश यांच्या अटी तशाच राहतील. मुलीला पर्याय सांगण्याआधी तो ऐकवावा. तिचे मन हार्पवरच असेल तर मी तिला संतूरकडे वळवणार नाही. त्यापेक्षा स्वागतसमारंभाऐवजी साखरपुड्याला, घरच्या साठ-सत्तर माणसांत, एखाद्या हॉलमध्ये हार्प ठेवावी असे सुचवीन. खर्च तेवढाच येईल आणि ऐकणारे सगळे ऐकतील.

या आठवड्यात एवढे करावे. संध्याकाळी सव्वासहाला लॉनवर जावे, शक्यतो तिथे दुसरे लग्न चालू असताना, आणि हार्प जिथे बसवायची त्या जागी दहा मिनिटे उभे राहून काय काय ऐकू येते ते लिहून काढावे. ओटा, छप्पर, गाडीची वाट, जनरेटरचे अंतर आणि पंख्यांच्या जागा यांचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. साडेसहा ते साडेआठ या वेळेत डीजे आणि साउंड चाचणी बंद राहील, हे लॉनच्या व्यवस्थापकाकडून दोन ओळींत लेखी घ्यावे. ते हातात आले की कलावंताला फोन करावा, फोटो पाठवावेत आणि पेडल हार्प आणणार की लिव्हर, इथून बोलण्याला सुरुवात करावी.